मिरजेहून वेल आणणारी करंडी

मित्रांनो, मी करंडी. बांबूची, जुनी आणि एका अंगाला बसलेली. जुनी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता ही कोपऱ्यात शांत बसून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार. तर आधीच सांगून ठेवते, शांत बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आत्तासुद्धा खुंटीवर वाऱ्यानं थोडी हलते आहे, म्हणून बरी आहे.

परतवाड्याच्या बाजारात पार्बताबाई बसायच्या. मेळघाटातला बांबू सोलून त्याच्या कामट्या काढायच्या आणि टोपल्या, सुपं, करंड्या विणायच्या. त्यांनीच मला विणलं. माझी एक कामटी सारखी त्यांच्या हातातून निसटून उडायची. दोनदा उडाली, तिसऱ्यांदा त्यांच्या बोटाला लागली. "सुदी बस ना व! काऊन उड्या मारून राहिली?" असं म्हणून त्यांनी मला गुडघ्याखाली दाबलं आणि करकचून वीण घातली. त्या करकचून घातलेल्या विणीवर मी आजवर टिकले आहे, पण आतली ती उडी काही गेली नाही.

मला विकत घेतलं अंजनगाव सुर्जीच्या शेषरावांनी. त्यांचा पानमळा होता. आपण जेवणानंतर खातो ना, ते विड्याचं पान वेलावर येतं. शेवरीच्या झाडांवर हे वेल चढवतात. भोवती सगळीकडून आडोसा करतात, ऊन आणि वारा मोजून आत सोडतात. पानमळ्यात चप्पल घालून कुणी जात नाही. वेलाला हात लावायचा तर पायातलं काढायचं, मग तो मळ्यात असो नाहीतर माझ्या पोटात. ही तिथली रीत आहे आणि शेषरावांच्या घरात ती कुणी मोडल्याचं मी पाहिलं नाही.

पान हे फार नाजूक प्रकरण. खुडून भरलं की काम संपलं असं होत नाही. दर दोन तासांनी करंडी उघडायची, पाणी शिंपडायचं, खालची पानं वर आणि वरची खाली करायची, डागी पान काढून टाकायचं आणि पुन्हा झाकायचं. याला पानं फेरणं म्हणतात. फेरली नाहीत तर पानं आतल्या आत तापतात आणि काळी पडतात. माझं सगळं आयुष्य असं उघडझाप करण्यात गेलं. आधी शेषरावांच्या सायकलवर, मग त्यांच्या काळ्या मोटरसायकलवर. पहाटे अंजनगाव, सकाळी अकोट, दुपारी परत. अकोटच्या बाजारात व्यापारी लांबून मला ओळखायचे. "शेषरावभाऊची करंडी आली, बाकीच्यायचं मंग पाहू," असं म्हणायचे तेव्हा माझी छाती फुगायची. करंडीला छाती नसते, हे मला ठाऊक आहे. तरी फुगायची.

पण एक खंत होती. अकोटच्या पुढं रस्ता जातो कुठं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाजाराच्या पलीकडून मालमोटारी निघून जायच्या आणि मी रिकाम्या पोटानं माघारी फिरायची.

शेषरावांचे गुडघे गेले तेव्हा गाडी त्यांच्या सुनेच्या हाती आली. तिचं नाव साधना. आता चाळिशीची आहे, तेव्हा तिशीत होती. मळ्याच्या पाटावर चार दिवस पडत-उठत ती गाडी शिकली आणि पाचव्या दिवशी मला मागे बांधून अकोटला गेली. हिचे हात म्हणजे एक नमुनाच आहेत. बाई बसली तरी हात बसत नाहीत. बोलता बोलता लसूण सोलतील, काही नाही सापडलं तर पदराचे दोरे ओढतील. पानं फेरायला तर दोन तासही तिला जास्त वाटायचे, ती दीड तासालाच थांबायची. माझं आणि तिचं म्हणूनच जमलं. दोघींच्याही अंगात भिंगरी.

नंतर गेल्या वर्षी मळा गेला.

महिन्याभरात गेला, मित्रांनो. आधी एका ओळीतले वेल माना टाकू लागले, मग दुसऱ्या, मग सगळे. मर रोग आला, असं गावानं ठरवलं. शेषराव काहीच बोलले नाहीत. त्यांनी मळ्यात जाणं सोडलं. मला खुंटीवर टांगलं. माझ्यात एक कोळी राहायला आला आणि त्यानं माझ्या तोंडावर जाळं विणलं. रस्त्यावरून गाडीचा आवाज आला की मी खुंटीवर थरथरायची आणि कोळी शिव्या घालायचा. वर्षभर हेच चाललं. त्या वर्षाची आठवण आली तरी जीव घाबरा होतो.

या फेब्रुवारीत एका मंगळवारी शेषरावांनी जेवताना जाहीर केलं, "मळ्याची जागा भगवंताले देऊन राहिलो. थो सोमवारी ट्रॅक्टर घालते. शेवऱ्या उपटून सोयाबीन घेईन म्हनते."

भगवंत म्हणजे शेजारच्या वावराचा मालक. वाईट माणूस नाही, जागा रिकामी दिसली म्हणून विचारलं इतकंच.

साधनाची तव्यावरची पोळी जळली. "मामाजी, सोमवारी? आज मंगळवार हाय!"

"मंग? वर्षभर वाट पायली ना. मेलेल्या मळ्यात का पाहाचं?"

"वेल आनला तर?"

"कोठून आनशीन? आपला कपुरी वेल राह्यला कोठी आता? बाजारातलं भलतंसलतं मी लावत नाई."

तेव्हा साधनानं एक गोष्ट सांगितली. संक्रांतीला नत्थुजींचा फोन आला होता. नत्थुजी हे शेषरावांचे जुने सोबती. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांची विहीर आटली तेव्हा ते मिरजेकडच्या एका गावात पानमळे करायला गेले आणि तिकडचेच झाले. जाताना त्यांनी शेषरावांच्या मळ्यातलं बेणं, म्हणजे लावायच्या वेलाचे तुकडे, सोबत नेले होते. तो वेल तिकडं अजून जिता होता.

शेषरावांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "शंभर कांड्या जित्या आन. शंभर मोजून देशीन तर मळा ठेवतो. नाईतर सोमवारी ट्रॅक्टर."

साधनानं त्याच रात्री नवऱ्याला फोन लावला. तिचा नवरा किशोर अकोला डेपोत एसटीचा कंडक्टर आहे, आठवड्याला घरी येतो. किशोर म्हणाला, सुट्टी टाकतो, पुढच्या महिन्यात जाऊ. मग म्हणाला, एसटीत पार्सल टाकू. मग स्वतःच म्हणाला, "नाई, डिक्कीच्या धगीत शिजून जाईन थे." शेवटी म्हणाला, "तू एकटी गाडीवर? सातशे किलोमीटर? वेडी झाली काय व?"

"मांगं मानूस बसवला तर करंडी कोठी बांधू? तुमीच सांगा."



गुरुवारी सकाळी साधनानं मला खुंटीवरून काढलं, कोळ्याला बाहेर घालवलं, विहिरीवर घासूनपुसून धुतलं आणि गाडीच्या कॅरियरवर दोरीनं आवळलं. लेकीचे पांढरे बूट तिनं पायात चढवले, ते तिला अर्धा नंबर मोठे होते. शेषराव ओट्यावर बसून पाहत होते. 

अकोट आलं. बाजार आला. मला वाटलं, आता गाडी डावीकडं वळून थांबणार. ती थांबली नाही! मित्रांनो, बाजार मागे पडला तेव्हा मी एवढी कुरकुरले, की साधनाला वाटलं दोरी ढिली झाली. तिनं उतरून तपासलं. दोरी पक्की होती. मीच जागेवर नव्हते.

अकोल्याच्या बाहेर किशोर खाकी कपड्यांत उभा होता, ड्युटीवर जायच्या आधी आलेला. त्यानं बायकोच्या हातात एक कागद दिला. त्यावर वाटेतल्या बसस्थानकांची नावं लिहिली होती, काहींसमोर बरोबरची खूण.

"हे का हाय?"

"खून केली तेथचे बायकांचे संडास बरे हायत. बाकी ठिकानी उतरू नको. बीडले आमच्या खात्यातले एक कंडक्टर हायत, त्यायच्या घरी मुक्काम कर. सांगून ठेवलं हाय."

साधना हसली आणि तिचे डोळेही भरले. तिनं कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला. प्रेम असं कागदावर खुणा करूनही करता येतं, हे मला तेव्हा कळलं.

पातूरचा घाट, मेहकर, जालना. ऊन चढत गेलं. साधनाची पाठ घामानं भिजली, हात सुन्न झाले, पण ती थांबली की पाच मिनिटांत पुन्हा किक मारायची. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "एकट्याच? कुठून? गाडीवर?" कुणी माझ्यात डोकावून म्हणायचं, "रिकामीच आहे की!" मला राग यायचा. आत काही नसलं तरी काम मोठं आहे, एवढं कळू नये माणसाला? बीडला मुक्काम झाला. शुक्रवारी पुन्हा चाकं फिरली आणि दुपार कलता कलता आम्ही नत्थुजींच्या मळ्यासमोर उभ्या राहिलो.

नत्थुजी थकले होते. त्यांची बोली अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी तिकडची झाली होती. "ये की पोरी! शेषरावभाऊची सून का व तू? बस की, पानी पी. एवढ्या लांबून एकटी आली?" असं एका दमात बोलून ते गाडीभोवती फिरले आणि मला थोपटलं. "परतवाड्याची करंडी हाय ही. अशी वीन इकडं भेटत नाही."

मी फुगले, पण ते असो.

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं बेणं कापलं. एकशेवीस कांड्या, वीस जादा धरून. प्रत्येक कांडीवर तीन-चार डोळे. डोळा म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो ती जागा. त्यांनी जुड्या बांधल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, वरून केळीचं पान लपेटलं, माझ्या पोटात नीट बसवल्या आणि सुतळीनं माझं झाकण बांधलं. मग साधनाच्या समोर बोट धरून म्हणाले, "घर येईस्तोवर ही गाठ सोडायची नाही. हे पान नव्हं, बेणं हाय. वल भरपूर धरलीया. सोडायची नाही म्हंजे नाही."

"हाव," साधना म्हणाली.

आणि मित्रांनो, तिनं खरंच मनापासून हो म्हटलं होतं. मी साक्ष आहे.

पण दीड तास झाला आणि सोलापूरच्या अलीकडं तिनं गाडी कडेला घेतली. खाली उतरली. बूट काढले. गाडीच्या कडेला, रणरणत्या डांबराजवळ, अनवाणी उभी राहिली आणि तिचे हात माझ्या गाठीकडं आले. दहा वर्षं हे हात दर दीड तासाला मला उघडत होते. डोक्याला नत्थुजींचं बोलणं आठवत होतं, हातांना आठवत नव्हतं. गाठ सुटली. तिनं पाणी शिंपडलं. आणि फेरलं! पानं फेरतात तसं, खालची जुडी वर, वरची खाली. माझ्या पोटात बारीकसा कुट् आवाज झाला. तिला तो ऐकू आला नाही, मला आला.

मी ओरडले असते, पण करंडीला तोंड असून आवाज नसतो. मी फक्त कुरकुरू शकते आणि रस्त्यावरच्या गाड्यांपुढं माझी कुरकुर कोण ऐकणार?

सोलापूरच्या पुढं पुन्हा तेच. कुट्, कुट्. पुढं आणखी एकदा, एका पंपावर सावलीत. "जिते हायत ना रे बाप्पा," असं ती कांड्यांशी बोलायची आणि बोलता बोलता चाचपायची. तिच्या बोटांत माया होती आणि त्या मायेनंच एकेक डोळा मोडत होता. मला तिचा इतका संताप आला, की गाडी चालत असताना एक कामटी मी तिच्या पाठीत टोचली. तिनं पाठ खाजवली आणि चालवत राहिली.

बीडला संध्याकाळी पोचलो. त्याच कंडक्टरच्या अंगणात तिनं चौथ्यांदा गाठ सोडली. या वेळी जुड्या खाली काढून एका ताटात ठेवल्या, मला उपडी करून झटकायला. ताटात काहीतरी सांडलं. डाळीच्या दाण्याएवढे हिरवे-तांबूस तुकडे, मूठभर. ती ते बोटानं उचलून पाहत राहिली. मग तिला कळलं. 

तिनं नत्थुजींना फोन केला.  "काका, डोळे मोडले. माह्याच हातानं."

"किती बार उघडलं?"

"चार."

 मला वाटलं, आता शिव्या देतात. ते म्हणाले, "बांध. आता सोडू नको."

"पन आतमध्ये काई जितं हाय का नाई, कसं कळन?"

"नाही कळणार."

"मेलं असंल तर?"

"मेलं असंल तर तू उघडून जगनार हाय का ते?"

साधनानं फोन ठेवला. जुड्या एकेक करून, तान्ह्या बाळाला उचलतात तशा, माझ्यात ठेवल्या. गाठ मारली. त्या गाठीवर दुसरी मारली, तिच्यावर तिसरी. आणि घरच्या बाईला म्हणाली, "ताई, ही करंडी तुमच्या खोलीत ठेवा. मले मागितली तरी देऊ नका."

रविवारचा तो प्रवास मला कधी विसरता यायचा नाही. रस्ते जातानाचेच होते, पण साधना ती नव्हती. दीड तास झाला की गाडी आपोआप कडेला यायची. ती उतरायची, बूट काढायची, मग आठवायचं आणि पुन्हा घालायची. जालन्याला तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि बाकड्यावर बसून राहिली. चहावाल्यानं विचारलं, "बाई, हाताला काही लागलंय का?" ती म्हणाली, "हाव." मेहकरजवळ तिनं माझ्या झाकणाला नाक लावलं, कुजका वास येतोय का म्हणून. वास आला की नाही हे तिलाच ठरवता येईना. तीनदा नाक लावलं. एकदा रडली. आतून मला तिला सांगायचं होतं की ओल आहे, थोडं गार आहे, बाई, काहीतरी आहे. पण किती जितं आणि किती मेलं हे मलाही माहीत नव्हतं. माझ्याच पोटात होतं आणि मलाच माहीत नव्हतं. जन्मभर मला धावायची हौस, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा रस्ता संपावा.

अकोल्याला किशोर पुन्हा उभा होता. "आनलं? दाखव ना!" म्हणून त्यानं गाठीला हात घातला आणि साधनानं त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. "हात लावान तर खबरदार!" आजूबाजूचे प्रवासी वळून पाहू लागले. किशोर बिचारा हात चोळत राहिला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि आपल्या डब्यातली पोळी-भाजी तिला खाऊ घालून ड्युटीवर गेला.

दिवस मावळायच्या आत आम्ही अंजनगावला पोचलो. शेषराव ओट्यावरच होते. मला वाटलं, चार दिवस तिथंच बसून होते की काय.

"आनलं का?"

"आनलं."

"सोड, पाहू दे."

"सकायी, मामाजी. मळ्यात. आता नाई."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हट्ट धरला नाही.

सोमवारी उजाडलं तसा भगवंताचा ट्रॅक्टर बांधावर येऊन फटफटू लागला. मला मळ्याच्या तोंडाशी, शेवरीच्या सावलीत ठेवलं. साधनानं तिन्ही गाठी सोडल्या.  शेषराव समोर उकिडवे बसले आणि एकेक कांडी हातात घेऊन डोळा पाहू लागले. चांगली उजवीकडं, वाईट डावीकडं. डावीकडचा ढीग वाढत गेला. मला माझ्याच पोटातून निघालेला तो ढीग बघवेना.

उजवीकडं सत्तेचाळीस निघाल्या.

"शंभर म्हनलं होतं," शेषराव हळूच म्हणाले.

"हाव." साधना मान खाली घालून बोलत होती. "नत्थुकाकानं एकशेवीस देल्ल्या होत्या. माह्याच हातानं गेल्या, मामाजी. त्यायनं सांगतलं होतं, उघडू नको. मी उघडत गेले. मले राहवलं नाई. जिते हायत का म्हनून पाहात गेले आन मारत गेले. रोग नाई, काई नाई. मीच."

भगवंत ट्रॅक्टरवरून म्हणाला, "मंग का करू शेषरावभाऊ? घालू का आंदर?"

शेषरावांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. हातातली एक मोडकी कांडी ते बोटांत फिरवत होते. त्यांची हनुवटी हलायला लागली. मी त्यांना वीस वर्षं ओळखते, असं कधी पाहिलं नव्हतं.

"मळ्याले रोग नव्हता आला," ते म्हणाले.

"का म्हनता?"

"वेल सुकले म्हनून मी पानी देल्लं. सांजीले देल्लं, सकायी देल्लं. तू बजारात गेल्यावर भरदुपारी देल्लं. आनखी सुकले, आनखी देल्लं. मुळं सडली. उपटून पायलं तवा कळलं. माह्या बापानं लावलेला मळा मी पानी पाजून पाजून मारला, पोरी. कोनाले सांगू? थ्या जागेकडं पाहवत नाई मले. म्हनून म्हनलं, नांगरून टाका एकडाव."

भगवंतानं ट्रॅक्टर बंद केला. एकदम एवढं शांत झालं, की शेवरीवरची खार ऐकू यायला लागली. साधना उठली, सासऱ्याच्या शेजारी मातीत बसली. दोघंही रडत होते आणि दोघांचेही हात मातीत काहीतरी चाचपत होते. वर्षभर एका घरात राहून, एका चुलीवरचं जेवून, या माणसांनी एवढी गोष्ट एकमेकांना सांगितली नव्हती. मी त्या वर्षी घरातच खुंटीवर होते, मलाही कळलं नव्हतं.

मग शेषरावांनी नाक पुसलं आणि खेकसले, "भगवंता, आठ रोज थांब."

"थांबतो ना बाप्पा, मले कोनती घाई हाय," भगवंत म्हणाला आणि ट्रॅक्टर तिथंच सोडून त्यांना खड्डे काढू लागला.

सत्तेचाळीस कांड्या सत्तेचाळीस शेवऱ्यांच्या बुंध्याशी लागल्या. भगवंत दिवसातून एकदा, पहाटे, प्रत्येक कांडीला एक तांब्या पाणी द्यायला आत जाईल असं ठरलं. बाकी आठ दिवस घरच्या कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. हा नियम साधनानं केला आणि शेषरावांनी मान्य केला. आणि मग त्या दोघांचं जे काही झालं, ते बघायला तुम्ही हवे होतात. शेषराव ओट्यावरून उठून फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. साधनानं घरातली सगळी गाठोडी उघडून पुन्हा बांधली, डबे घासले, वर्षभराचा लसूण सोलून ठेवला. पाचव्या दिवशी दोघं एकाच वेळी फाटकाशी पोचले, एकमेकांना पाहिलं आणि परत फिरले.

नवव्या दिवशी साधना म्हणाली, "मामाजी, तुमीच जाऊन या."

ते गेले. फार वेळ लागला. साधना फाटकाशी उभी होती, मी तिच्या कमरेला होते आणि ती माझी कड एवढी घट्ट धरून होती, की अजून तिथं दोन कामट्या वाकलेल्या आहेत. शेषराव बाहेर आले. डोळ्यांना दुपट्टा लावलेला होता. किती कोंब फुटले, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, भगवंताला लावला आणि एवढंच म्हणाले, "भगवंता, सोयाबीनसाठी दुसरं वावर पाय गड्या."

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्याही घरात काहीतरी नाजूक असेल. नवीन लावलेलं झाड असेल, आजारातून उठणारं माणूस असेल, नवं काही शिकणारं धाकटं भावंड असेल. त्याला जीव लावा, भरपूर लावा, ओल धरून द्या. पण घडीघडीला झाकण उघडून 'जितं आहे का' म्हणून चाचपू नका. ते मोडतं आणि मोडताना आवाज फार बारीक येतो, आपल्याला ऐकू येत नाही. आणि चाचपताना मोडलंच, तर ते मनात कोंडून वर्षभर एकटे बसू नका. ज्याच्याशी बोलायचं आहे, त्याच्याशी त्याच दिवशी बोला. मी हजारो पानं वाहिली आहेत, पण त्या सोमवारी त्या दोघांनी जे बोलून टाकलं, तेवढं जड ओझं माझ्यासमोर दुसरं कुणी उतरवलेलं नाही.